कॉम्प्युटरच्या वॉटर कूलिंगमध्ये डिस्टिल्ड वॉटर टाकलं की कॉपर-ॲल्युमिनियम एकत्र चालतं?

"डिस्टिल्ड वॉटरमधून करंट जात नाही, त्यामुळे लूपमध्ये (पाणी फिरतं त्या बंद मार्गात) कॉपरचा ब्लॉक (प्रोसेसरवर बसतो तो) आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर बिनधास्त लावा" हे बरीच वर्षं फिरतंय. पहिला अर्धा भाग जवळजवळ खरा आहे, म्हणूनच पटतं.

पण ते पाणी बाटलीत असेपर्यंतच. लूपमध्ये गेलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड, रेडिएटरमध्ये राहिलेला फ्लक्स (सोल्डरिंगला वापरतात तो), धातूंचे आयन असं सगळं त्यात विरघळत जातं आणि पाणी हळूहळू करंट वाहून न्यायला लागतं. मग ॲल्युमिनियम झिजतं, कारण दोघांच्या स्टँडर्ड पोटेन्शियलमध्ये (धातू किती सहज इलेक्ट्रॉन सोडतो त्याचं माप, जितकं उणे तितकं सहज) जवळपास 2 व्होल्टचा फरक आहे (ॲल्युमिनियम -1.66, कॉपर +0.34). आणि दोन्ही एकमेकांना चिकटलेले नसले तरी सुटका नाही, पाण्यातून आलेलं कॉपर ॲल्युमिनियमवर बसतं आणि तिथेच बारीक खड्डे पडतात.

चेक करायचंय? कंडक्टिव्हिटी मीटरने ताज्या पाण्याचं रीडिंग घ्या, महिन्याभराने लूपमधल्या पाण्याचं घ्या, आकडा वाढलेला दिसेल. रेडिएटर घेताना मात्र लोहचुंबकावर जाऊ नका, तो दोन्हीला चिकटत नाही, स्पेकमध्ये आतल्या नळ्या कशाच्या आहेत ते वाचा.

इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) असलेल्या कूलंटने हे सगळं मंदावतं, थांबत नाही. कॉपर, पितळ, निकेल प्लेटिंग एकत्र चालतं, त्यांची पोटेन्शियल जवळजवळची आहेत.