फिरती ग्रंथपेटी (बडोदे)

फिरती ग्रंथपेटी : निवडक पुस्तके लाकडी पेटीत भरून गावोगाव पाठवायची, ठरल्या मुदतीनंतर परत मागवायची आणि दुसरीकडे धाडायची, अशी वाचकापर्यंत नवे पुस्तक पोहोचवण्याची पद्धत. बडोदे संस्थानात महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे, १८६३–१९३९) यांच्या काळात १९११ च्या सुमारास ती सुरू झाली. मध्यवर्ती ग्रंथालयाच्या जोडीने ती संस्थानाच्या ग्रंथालय चळवळीचा कणा ठरली.

या पेटीचे मूळ शाळेत आहे. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागातील काही गावांत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो कायद्याने सर्व संस्थानाला लागू केला. मुले वाचायला शिकली. पण शाळा सुटल्यावर गावात वाचायला काही नसेल, तर शिकलेली अक्षरे काही वर्षांत पुसली जातात. ही अडचण महाराजांनी वेळीच ओळखली. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी तिकडून विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन या ग्रंथपालांना बडोद्यास आणले. बोर्डन १९१३ पर्यंत येथे होते. तेवढ्या अवधीत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, बडोद्यासाठी वेगळी वर्गीकरणपद्धती तयार केली आणि ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग चालवला. महाराजांनी आपल्या खासगी संग्रहातील सुमारे २०,००० पुस्तके या ग्रंथालयाला दिली. ग्रंथालय सर्वांना विनाशुल्क खुले होते.

तरीही शहरातले ग्रंथालय शहरापुरतेच. बडोदे संस्थान सलग नव्हते. कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली हे त्याचे प्रांत एकमेकांपासून तुटलेले होते आणि मध्ये परक्या हद्दी होत्या. काठेवाडातल्या, म्हणजे अमरेलीकडच्या शेतकऱ्याने पुस्तकासाठी बडोद्यास यावे, ही अपेक्षाच चुकीची ठरली असती. म्हणून पुस्तकाने प्रवास करायचा, असे ठरले. एका पेटीत साधारण १५ ते ३० पुस्तके मावत. गावातली जबाबदार व्यक्ती किंवा संस्था मागणी करी आणि पेटी येई. वाचकाला त्याचा खर्च पडत नसे. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्याची एक शाखा जादूच्या दिव्याची (मॅजिक लँटर्न : काचेवरची चित्रे प्रकाशाने पडद्यावर मोठी करून दाखवणारे यंत्र) चित्रे घेऊन खेड्यांत फिरे.

पेटीने गोडी लागलेल्या गावाला स्वतःचे वाचनालय काढता यावे, यासाठी अनुदानाचा साधा नियम होता : गावाने वर्गणीतून जेवढी रक्कम उभी केली, तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची. हा नियम फार शहाणपणाचा होता. फुकट मिळालेल्या कपाटाला कुलूप लागते. ज्यात आपले पैसे आहेत, ते कपाट लोक उघडे ठेवतात. गुजराती खेड्यांत हे काम रुजवण्याचे श्रेय मोतीभाई अमीन यांचे. त्यांनी मित्रमंडळ वाचनालयांचे जाळे विणले. बोर्डन यांच्यानंतर ग्रंथालय खात्याची धुरा जनार्दन कुडाळकर यांनी वाहिली आणि १९१९ मध्ये या चळवळीचा इतिहासही लिहिला. खात्याचे नियतकालिक १९१२ पासून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत असे.

नव्या पुस्तकाची ओळख होण्याचे दोन मार्ग असतात. एकात वाचक नाव घेऊन पुस्तक मागतो. दुसऱ्यात पुस्तकच समोर येऊन उभे राहते आणि ते आपल्याला हवे होते, हे वाचकाला तेव्हा कळते. पेटी दुसऱ्या मार्गाची. तिच्या आकाराला मर्यादा असल्यामुळे भरणाऱ्याला पारख करावी लागे. अमुक गावाला शेतीचे पुस्तक द्यावे की चरित्र, बायकामुलांसाठी काय ठेवावे, हा विचार करूनच झाकण लावावे लागे. शिवाय वीसपंचवीस पुस्तके एकाच गावात, एकाच सुमारास हातोहात फिरली की तीच गोष्ट चार घरांत वाचली जाते आणि पारावर बोलायला समान विषय मिळतो. हजारो पुस्तकांच्या दालनात दोन वाचकांनी एकच पुस्तक उचलण्याचा योग क्वचित येतो. पुस्तकावर बोलणे व्हायला हवे असेल, तर थोडी पुस्तके अनेकांनी वाचणे हाच उत्तम उपाय, हे पेटीच्या पद्धतीत आपोआप साधते.

बडोद्याच्या मराठी वाचकाची गरज थोडी निराळी. तो मुख्यतः शहरात, दांडिया बाजार आणि रावपुरा परिसरात राहिला. त्याच्या भोवतीची भाषा गुजराती, तर मराठी पुस्तके निघत पुण्या-मुंबईत. ते अंतर भरून काढणारी मोठी पेटी म्हणजे साहित्य संमेलन. १९०९, १९२१ आणि १९३४ मध्ये ते बडोद्यात भरले. पुढे २०१८ मध्ये मराठी वाङ्मय परिषदेच्या यजमानपदाखाली ९१वे संमेलन झाले. ग्रंथदिंडी आणि भाषणे गाजतात, पण महाराष्ट्राबाहेरच्या वाचकाला खरी ओढ असते ती ग्रंथप्रदर्शनाची. पुस्तक चाळून, मधलेच पान वाचून, शेजारच्या अनोळखी माणसाला “हे वाचलंत का?” असे विचारून घेण्याची संधी त्याला एरवी फारशी मिळत नाही. उरलेल्या वर्षांत सुट्टीहून परतणाऱ्या पाहुण्याची पिशवी आणि घरोघर फिरणारे दिवाळी अंक पेटीचे काम करतात.

पेटीची कल्पना मराठी मुलखात पुन्हा उगवली ती नाशिकमध्ये. कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात २००९ पासून पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांत फिरतात आणि एका गटाने वाचलेली पेटी बदलून दुसऱ्याकडे जाते. सयाजीरावांचे जन्मगाव कवळाणे याच नाशिक जिल्ह्यातले. बडोद्यातले मध्यवर्ती ग्रंथालय आजही मांडवीजवळच्या आपल्या इमारतीत चालू आहे. तिथल्या लोखंडी मांडण्यांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, म्हणजे वरचा उजेड खालच्या पुस्तकांच्या पाठींपर्यंत पोहोचतो.