लहान शहरांतील वाहनतळ शुल्क : दर कसा ठरतो, हरकत कशी नोंदवावी, ठेका आणि मासिक पास कोणाला मिळतो

कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या लहान शहराच्या बाजारपेठेत गाडी उभी केली की थोड्याच वेळात कोणीतरी पावतीपुस्तक घेऊन समोर येतो. ही रक्कम कोणी ठरवली, कोणत्या अधिकाराने ठरवली आणि ठरवताना गावाला विचारले होते का, हे प्रश्न दहा-वीस रुपयांसाठी सहसा कोणी विचारत नाही. ते विचारले जावेत असे आम्हाला मनापासून वाटते. वाहनतळाचे शुल्क ही ठेकेदाराने मागितलेली किंमत नसते. सार्वजनिक जागेच्या वापरापोटी स्थानिक संस्थेने कायद्याच्या आधारे बसवलेली ती फी असते, आणि तिच्यामागे ठराव, मान्यता व प्रसिद्धी हे तिन्ही असल्याशिवाय ती मागता येत नाही.

या फीचे मूळ राज्यघटनेत आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांची यादी आहे आणि तिच्यातील १७ व्या बाबीत रस्त्यावरील दिवे, बसथांबे व सार्वजनिक सोयींबरोबर वाहनतळाचाही स्पष्ट उल्लेख आहे. मात्र काम सोपवले म्हणजे पैसे घेण्याची मुभा आपोआप मिळत नाही. त्यासाठी राज्याच्या कायद्याचा आधार लागतो. कर आणि फी यांतील फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणात मांडला. कर हा सर्वसाधारण खर्चासाठी असतो, तर फी ही काही विशिष्ट सेवेच्या मोबदल्यात असते. पुढील निकालांनी पै-पैचा हिशेब जुळलाच पाहिजे ही अपेक्षा सैल केली असली, तरी फी आणि सेवा यांचा संबंध दिसलाच पाहिजे. जेथे आखलेल्या जागा नाहीत, दिवा नाही, राखणदार नाही, केवळ दोरी बांधून पैसे घेतले जातात, तेथे हा संबंध सिद्ध करणे नगरपरिषदेला जड जाईल.

आपले शहर कोणत्या कायद्याखाली येते, हे अर्ज लिहिण्यापूर्वी पाहून घ्यावे. जयसिंगपूर, गडहिंग्लज, कागल, मुरगूड, पेठवडगाव, कुरुंदवाड, शिरोळ, हुपरी, मलकापूर आणि पन्हाळा येथे नगरपरिषदा आहेत, तर आजरा, चंदगड व हातकणंगले येथे नगरपंचायती आहेत. या सर्वांना महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ लागू होतो. कोल्हापूर शहर आणि २०२२ पासून इचलकरंजी या महानगरपालिका असल्याने त्यांचा कायदा वेगळा आहे. गारगोटी किंवा नृसिंहवाडीसारख्या ठिकाणी ग्रामपंचायत असते, आणि तेथे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ खालील कर व फीच्या तरतुदी पाहाव्या लागतात. देवस्थान किंवा खासगी मालक स्वतःच्या जमिनीवर गाड्या लावण्याचे पैसे घेत असेल, तर ती नगरपरिषदेची फी नव्हे. त्या पावतीवर नगरपरिषदेचे नाव छापणे चुकीचे आहे.

प्रक्रियेची सुरुवात जागेपासून होते, दरापासून नव्हे. मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयाने तयार केलेल्या प्रस्तावास जागेचा सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका, विकास योजनेतील आरक्षणाचा नकाशा आणि रस्त्याची मालकी दाखवणारा कागद जोडलेला असला पाहिजे. या शेवटच्या कागदाकडे अनेकदा दुर्लक्ष होते. रत्नागिरीहून कोल्हापूरमार्गे मिरजेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६६ मलकापूर, हातकणंगले आणि जयसिंगपूर या पट्ट्यातून जातो, आणि महामार्गाच्या हद्दीतील जमिनीवर २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण कायद्यानुसार महामार्ग प्रशासनाचे नियंत्रण असते. अशा पट्टीवर किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रस्त्यावर नगरपरिषदेने आपणहून वसुली सुरू करणे योग्य नाही. संबंधित विभागाची लेखी परवानगी प्रस्तावातच हवी.

त्यानंतर पोलिसांचा टप्पा येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११७ नुसार वाहने कोठे आणि किती वेळ उभी करता येतील, हे राज्य शासन किंवा त्याने प्राधिकृत केलेला अधिकारी स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवतो. नगरपरिषद जागा सुचवू शकते आणि सोय उभारू शकते, परंतु एखाद्या रस्त्यावर ‘वाहन उभे करण्यास मनाई’ किंवा ‘सम-विषम तारखेस पार्किंग’ असा आदेश केवळ नगरपरिषदेच्या ठरावाने अमलात येत नाही. नियम मोडल्याचा दंड आणि वाहनतळाची फी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ठेकेदाराच्या माणसाला दंड आकारण्याचा किंवा चाकाला कुलूप लावण्याचा अधिकार पावतीपुस्तकातून मिळत नाही.

आता दराकडे वळू. येथे थोडे थांबावे लागेल, कारण बहुतेक चुका येथेच होतात. गेल्या वर्षीच्या ठेक्याच्या रकमेत दहा टक्के वाढ करायची, मग तेवढे पैसे निघतील असा दर लावायचा, ही पद्धत सोपी आहे पण उलटी आहे. दराचा पहिला हेतू जागा फिरती राहावी हा असतो. शंभरांपैकी साधारण पंच्याऐंशी जागा भरलेल्या आणि पंधरा मोकळ्या राहिल्या, तर येणाऱ्याला घिरट्या न घालता जागा मिळते, हा नियोजनातील रूढ आडाखा आहे. जेथे दिवसभर निम्म्या जागा रिकाम्या असतात, तेथे शुल्क लावण्याचे कारणच उरत नाही. जेथे सकाळी दहाला सगळ्या जागा दुकानदारांच्याच गाड्यांनी भरतात, तेथे ते नक्की आहे. म्हणून प्रस्तावासोबत एका सामान्य दिवसाची आणि एका आठवडी बाजाराच्या दिवसाची मोजणी हवी. दर अर्ध्या तासाला उभ्या गाड्यांच्या क्रमांकांचे शेवटचे चार आकडे नोंदवले, तरी कोणती गाडी किती वेळ थांबते हे कळते. हे काम नगरपरिषदेचे दोन कर्मचारी वही-पेन घेऊन करू शकतात.

दुसरा आधार व्यापलेल्या जागेचा. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत मोटारीसाठी २.५ बाय ५ मीटर आणि दुचाकीसाठी १ बाय २ मीटर जागा धरली आहे, म्हणजे एका मोटारीच्या जागेत सुमारे सहा दुचाकी मावतात. तरीही मोटारीचा दर दुचाकीच्या केवळ दुप्पट ठेवलेला दिसला, तर दुचाकीस्वाराकडून मोटारमालकाचे भाडे वसूल होत आहे असे समजावे. मोकळ्या मैदानात येण्या-जाण्याच्या वाटेसह एका मोटारीला साधारण २३ चौरस मीटर लागतात. त्यामुळे ४० मोटारींचा तळ करायचा तर ९२० चौरस मीटर जागा हवी. केवळ उदाहरणादाखल पाहू : त्या तळावर दिवसाला ६० मोटारी आणि १५० दुचाकी आल्या, मोटारीला २० आणि दुचाकीला ५ रुपये घेतले, तर १,९५० रुपये जमतात. दोन पाळ्यांचे राखणदार, दिवे, झाडलोट आणि पावत्या यांचा रोजचा खर्च १,८०० रुपये असेल, तर हा दर समर्थनीय ठरतो. असा अर्ध्या पानाचा हिशेब प्रस्तावात नसेल, तर हरकत घेण्यास तेवढे कारण पुरेसे आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने जागेचे खरे मूल्य दाखवणाऱ्या चढ्या दराचा पुरस्कार केला आहे खरा, परंतु भाजी विकायला आलेल्या शेतकऱ्याच्या टेम्पोला आणि दिवसभर उभ्या राहणाऱ्या खासगी मोटारीला एकच दर लावणे त्या धोरणातही अभिप्रेत नाही. पहिली वीस-तीस मिनिटे मोफत आणि पुढे तासागणिक चढता दर ही रचना बाजारपेठेला मानवते, असे आमचे मत आहे.

प्रस्ताव सर्वसाधारण सभेत मंजूर झाला की उपविधीचा, म्हणजे नगरपरिषदेच्या स्थानिक नियमांचा, मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवल्या जातात, आणि सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेनंतर तो लागू होतो. हरकत नोंदवण्यासाठी वकील लागत नाही. साध्या कागदावर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करावा, त्यात जाहीर नोटिशीची तारीख, ज्या कलमाला किंवा दराला हरकत आहे त्याचा उल्लेख, कारण आणि सुचवलेला पर्यायी दर लिहावा, आणि सोबत ओळखपत्राची प्रत, जागेची छायाचित्रे व शक्य असल्यास स्वतः केलेली मोजणी जोडावी. आवक कक्षातून शिक्का व क्रमांक असलेली पोहोच घ्यावी, कारण मुदतीत अर्ज दिल्याचा तेवढाच पुरावा असतो. शेजारच्या दहा दुकानदारांनी एकाच मजकुराचे दहा अर्ज देण्यापेक्षा मोजणीच्या आकड्यांसह एक सामुदायिक अर्ज अधिक परिणामकारक ठरतो. ठराव बेकायदेशीर किंवा लोकहिताविरुद्ध असल्यास त्याची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकार १९६५ च्या अधिनियमातील कलम ३०८ नुसार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, त्यामुळे पुढचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातील नगरपालिका प्रशासन शाखेत द्यावा. ग्रामपंचायतीच्या फीबाबत अपील पंचायत समितीकडे जाते.

वसुलीचा ठेका निविदेने दिला जातो. निविदा भरणाऱ्याकडे पॅन कार्ड, आधार कार्ड, आयकर विवरणपत्रे, ऐपतीचा दाखला, नगरपरिषदेची थकबाकी नसल्याचा दाखला, काळ्या यादीत नाव नसल्याचे प्रतिज्ञापत्र आणि ई-निविदेसाठी डिजिटल स्वाक्षरी असावी लागते. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर जाणार असेल तर जीएसटी नोंदणीही हवी. बयाणा रक्कम आणि इतर अटी प्रत्येक निविदेत वेगळ्या असतात, म्हणून त्या मूळ निविदेतच वाचाव्यात. महिला बचत गटांनी अशा ठेक्यांसाठी अवश्य पुढे यावे. नगरसेवकाचा अशा कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा असणे १९६५ च्याच अधिनियमातील कलम १६ नुसार अपात्रतेचे कारण ठरते. नगरपरिषदेची स्थावर मालमत्ता तीन वर्षांहून अधिक काळासाठी भाडेपट्ट्याने द्यायची झाल्यास कलम ९२ मधील वरिष्ठ मान्यता लागते, त्यामुळे पाच-दहा वर्षांचा करार कोणी मांडला तर ती मान्यता दाखवण्यास सांगावे. शिरोळ तालुक्यात आणखी एक कलम करारात हवे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कुरुंदवाड-नृसिंहवाडी परिसर पाण्याखाली गेला होता. पूर किंवा संचारबंदीच्या दिवसांची ठेका रक्कम कशी वजा होणार, हे आधीच लिहिले नाही तर नुकसान भरून काढण्यासाठी पुढे वाहनधारकांकडून जादा वसुली होण्याचा धोका राहतो.

मासिक पासची सोय असल्यास तिचा लाभ तळालगत राहणारे रहिवासी, दुकानदार आणि त्यांचे कामगार यांना मिळतो. वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र, ओळखपत्र, घरपट्टीची पावती किंवा भाडेकरार आणि दुकानदाराच्या बाबतीत दुकान नोंदणीचा कागद एवढी कागदपत्रे पुरेशी असावीत. पासधारकांसाठी जास्तीत जास्त किती जागा राखायच्या, याची मर्यादा उपविधीतच घालावी; नाहीतर गिऱ्हाइकांसाठी काढलेला तळ दुकानांच्याच गाड्यांनी भरतो. रुग्णवाहिका आणि अग्निशमन वाहनांना सूट द्यावी, आणि दिव्यांग व्यक्तीच्या वाहनासाठी प्रवेशाजवळ ३.६ मीटर रुंदीची किमान एक-दोन ठिकाणे आखावीत. त्यासाठी दिव्यांग ओळखपत्र दाखवणे पुरेसे मानावे.

पैसे देण्यापूर्वी फलक आणि पावती पाहावी. फलकावर ठरावाचा क्रमांक व तारीख, वाहनप्रकारानुसार दर, वेळ, ठेक्याची मुदत आणि तक्रारीसाठी कार्यालयाचा दूरध्वनी असावा. पावतीवर छापील अनुक्रमांक, वाहन क्रमांक आणि येण्याची वेळ हवी. ‘वाहनाची जबाबदारी मालकाची’ असे छापले म्हणून प्रत्येक वेळी हात झटकता येत नाहीत. किल्ली ताब्यात घेऊन मोटार उभी करण्याच्या सेवेबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका हॉटेलच्या प्रकरणात अशा मजकुराचा आसरा नाकारला होता. सार्वजनिक तळावर किल्ली आपल्याकडेच राहते, तेव्हा परिस्थिती वेगळी असते, म्हणून किल्ली देण्याची सक्ती झाली तर पावतीवर तशी नोंद करून घ्यावी.

फलकावर ठरावाचा क्रमांक नसेल, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह नगरपरिषदेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा आणि चार गोष्टी नेमक्या शब्दांत मागाव्यात : सर्वसाधारण सभेच्या ठरावाची प्रत, मंजूर दरपत्रक, ठेक्याचा करारनामा आणि जागा निश्चित करणारी अधिसूचना. उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे. यांपैकी एखादा कागद उपलब्ध नाही असे लेखी उत्तर आले, तर ते जपून ठेवावे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे करायच्या अर्जास पहिले सहपत्र म्हणून जोडावे.