‘रक्तच वेगळं’ म्हणतात, ते खरं आहे का?

‘उच्च कुळाचं रक्तच वेगळं, म्हणून माणसाची किंमत जन्मानेच ठरते’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. वाडवडिलांकडून ऐकलेलं असल्यामुळे तो अनेकांना खराही वाटतो.

रक्तपेढीतली पिशवी जवळून पाहा. लेबलावर गट, आरएच (पॉझिटिव्ह की निगेटिव्ह), क्रमांक, रक्त घेतल्याची आणि मुदत संपण्याची तारीख असते. जातीचा रकाना नसतो. ए, बी, ओ हे गट १९०१ मध्ये जगासमोर आले आणि ते सगळ्या जातिधर्मांत सापडतात. घरातल्यांची रक्तगटाची कार्डं शेजारी ठेवा: सख्ख्या भावाचा गट जुळणार नाही, पण माडावर चढणाऱ्या पाडेल्याचा तुमच्याशी जुळेल, असं सहज होऊ शकतं.

आणि समजा, रक्तात फरक सापडला असता, तरी? मला हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. भूक, वेदना, अपमान प्रत्येकाला कळतो. माणसाचा मान त्यावर उभा आहे, रक्तावर नाही. राज्यघटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली, तीही रक्त तपासून नव्हे.

गोव्यात परसदारी पाडेल्याला करवंटीतून चहा देत. कारण विचारलं की उत्तर ‘रीत’ एवढंच मिळे.