टोक नसलेला चाकू

घडीचा चाकू म्हटलं की आपल्याकडे अजूनही रामपुरीच आठवतो. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांनी घडवलेला आणि हिंदी सिनेमातल्या खलनायकांनी घरोघरी पोचवलेला. २०२३ साली रामपुरात चौकामध्ये वीस फुटांचा चाकू उभारला गेला, इतकी त्या पात्याची ओळख पक्की आहे. त्यामुळे खिशात घडीचा चाकू बाळगणारा माणूस दिसला की आपण जरा बिचकतो. तो कुणाचा जीव वाचवायला बाळगला असेल हे चटकन मनात येत नाही.

पण घडीच्या चाकूचं दुसरंही एक घराणं आहे आणि ते अगदी उलट दिशेनं वाढत आलं. कापायला सोपा, भोसकायला जवळजवळ निरुपयोगी, असा चाकू घडवण्याची ही धडपड शिडाच्या जहाजांपासूनची आहे.

जहाजावर माणसाच्या जिवावर उठायचा तो बहुतेकदा दोर. वाऱ्यानं शीड ओढलं, दोर गुंतला किंवा पायाला वेढा बसला, तर सोडवत बसायला वेळ नसायचा. तोडायचाच. आणि तेही डुलत्या डोलकाठीवर एका हातानं लटकून, खाली सोबती उभे असताना. अशा जागी टोकदार सुरा हातातून निसटला तर अनर्थच. म्हणून खलाशांच्या चाकूचं पातं मेंढीच्या खुरासारखं झालं: धार सरळ, आणि पाठ शेवटाकडे गोल वळून धारेला मिळालेली. जाड दोरावर ते टेकवायचं आणि पाठीवर लाकडाचा ठोकळा मारायचा. अमेरिकेनं तर १८६६ मध्ये व्यापारी जहाजांवरच्या खलाशांना म्यानातला सुरा कमरेला लावायलाच कायद्यानं मनाई केली. त्यामागे जहाजावरच्या हाणामाऱ्या होत्या.

जुन्या घडीच्या चाकवाची अडचण मात्र तशीच राहिली. पात्याच्या खाचेत नख घालून ते ओढायचं, म्हणजे दोन्ही हात मोकळे हवेत, बोटं कोरडी हवीत. संकटात नेमकं हेच नसतं.

यावरचं पहिलं खणखणीत उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर लष्करानं दिलं. जर्मन छत्रीधारी, म्हणजे पॅराशूटनं उतरणाऱ्या, सैनिकांच्या छत्रीच्या दोऱ्या पाठीवर एकत्र येत. झाडात अडकलं की हात तिथवर पोचायचा नाही. १९३७ पासून त्यांना जो चाकू मिळाला, त्यात स्प्रिंग नव्हती. मुठीवरची खिटी दाबून तोंड खाली केलं की पातं स्वतःच्या वजनानं घसरत बाहेर यायचं आणि खिटी सोडली की जागच्या जागी अडकायचं. एक हात, एक अंगठा, बस्स. अमेरिकी छत्रीधाऱ्यांना खटक्याचा, म्हणजे बटण दाबताच स्प्रिंगनं पातं उघडणारा, चाकू मिळाला. त्याहून मोलाचं म्हणजे त्याची जागा ठरवली गेली: १९४२च्या त्यांच्या जाकिटाला गळ्याखाली दोन्ही बाजूंनी उघडणारा चेनचा खिसा होता. कुठलाही हात अडकला तरी दुसऱ्यानं तिथवर पोचता यावं म्हणून. मला या साऱ्या इतिहासात हा खिसा सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. चाकू कितीही उत्तम असला तरी डिकीत ठेवलेला असेल तर तो नसल्यातच जमा.

युद्धानंतर अमेरिकी वैमानिकांच्या चाकवाला नारिंगी मूठ आली. एका बाजूला खटक्याचं पातं आणि दुसऱ्या बाजूला आकडा, ज्याची धार आतल्या वळणात असते. हा आकडा उघडाच ठेवून चाकू खिशात टाकायचा. दोरी वळणात अडकवून ओढली की तुटते, अंगाला मात्र धार लागत नाही. आज गाड्यांसाठी मिळणारे सीटबेल्ट कापायचे आकडे याच तत्त्वावर चालतात.

खटक्याचे चाकू मात्र बदनाम झाले. १९५८ मध्ये अमेरिकेनं कायदा करून त्यांच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी आणली. सवलत ठेवली ती सैन्याला, आणि एकच हात असलेल्या माणसाला तीन इंचांपर्यंतच्या पात्याची! एका हातानं उघडण्याची गरज खरी आहे हे त्या कायद्यानंही मान्य केलं होतं. कोलोराडोतल्या स्पायडरको कंपनीनं १९८१ मध्ये स्प्रिंगशिवाय तोडगा काढला: पात्याला गोल भोक, ज्यात अंगठा टेकवून पातं ढकलायचं, आणि मुठीला खिशावर अडकवायची क्लिप. हातमोज्यातही ते भोक सापडतं. पुढे याच घराण्यात खुरासारख्या बोथट टोकाचे, करवतीसारख्या दात्यांचे बचाव-चाकू आले. समुद्रासाठी नायट्रोजनयुक्त, गंजाला दाद न देणारं पोलादही आलं.

तोवर दोराची जागा गाडीतल्या सीटबेल्टच्या पट्ट्यानं घेतली होती. व्होल्वो मोटार कंपनीचे अभियंते नील्स बोलीन यांनी १९५९ मध्ये आणलेल्या तीन टोकांच्या पट्ट्यानं असंख्य जीव वाचवले, पण उलटलेल्या गाडीत तोच पट्टा माणसाला टांगून धरतो. मी एकदा भंगारातून पट्ट्याचा हातभर तुकडा आणून बघितला. हातात सैल धरला तर भाजीची सुरी त्यावरून नुसती घसरत राहिली, पट्टा चुरगळत गेला. खुंटीला बांधून खाली पाण्याचा भरलेला डबा टांगला आणि दात्यांचं पातं तिरकं लावलं, तर दोन ओढींत फडफड आवाज करत सुटला. आकड्यानं एकाच ओढीत. म्हणून पट्टा आधी ताणून धरायचा, खांद्याजवळ तिरका कापायचा, आणि लटकलेल्या माणसाला आधी आधार द्यायचा, नाहीतर तो डोक्यावर पडतो. गळ्याशेजारी हात चालवायचा असल्यानं टोक नसलेलंच पातं हवं, याबाबत माझ्या मनात शंका नाही. दात्यांना घरी धार लावणं कटकटीचं असतं हे खरं, पण भाजी चिरायला तो वापरलाच नाही तर धार जाणार कुठे?

आपल्या किनाऱ्यावर या कामाला वेगळं मोल मिळालं. जाळ्यात कासव किंवा इतर संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडलं, तर नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची योजना महाराष्ट्रात २०१८ अखेर सुरू झाली. धडपडणाऱ्या कासवाच्या मानेत रुतलेला नायलॉन कापताना टोकाचा चाकू किती बेभरवशाचा, हे वेगळं सांगायला नको.

काच हा यातला सर्वांत नवा अध्याय. स्विस व्हिक्टोरिनॉक्सच्या बचाव-चाकूत पट्टा कापायचं पातं आहेच, शिवाय काच फोडायचं टोक आणि समोरची काच कापायची करवतही आहे. दोन्ही लागतात, कारण गाडीत दोन जातींच्या काचा असतात. टेम्पर्ड काचेच्या कोपऱ्यात कठीण टोक जोरात आपटलं की तिचा खडीसाखरेसारखा चुरा होतो. लॅमिनेटेड काचेत दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो; ती तडकते, पण सुटत नाही. आता बाजूच्या खिडक्यांनाही अशी काच येऊ लागली आहे. अमेरिकेतल्या मोटारचालकांच्या ‘ट्रिपल ए’ संघटनेनं २०१९ मध्ये सहा साधनं तपासली. त्यांतल्या चारांनी टेम्पर्ड काच फोडली, लॅमिनेटेड एकानंही नाही. चाकू विकत घेण्याआधी आपल्या गाडीच्या प्रत्येक खिडकीच्या कोपऱ्यातला छोटा शिक्का वाचावा. काच कुठली ते बहुतेकदा तिथेच छापलेलं असतं, आणि मागची खिडकी पुढच्यासारखीच असेल असं नाही.