पाचवं चाक म्हणजे स्टेपनी नव्हे

माझा मावसभाऊ टेक्सासला असतो, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. चार महिन्यांपूर्वी त्यानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "फिफ्थ व्हील घेतलं एकदाचं." पाच मिनिटांत सगळ्यांचे अंगठे आले आणि मग मावशीचा प्रश्न, "अरे, एवढ्या महागाच्या गाडीबरोबर स्टेपनी देत नाहीत का तिकडे?"

तीन आठवड्यांनी त्याच ग्रुपवर दुसरा फोटो आला. पिकअपच्या कॅबचा मागचा कोपरा चेपलेला, मागच्या काचेच्या जागी नुसती चौकट, आणि सीटवर काचेचे खडे पसरलेले. कॅम्पसाइटवर ते फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअपमागे ओढायचं फिरतं घर, जोडून रिव्हर्स घेत होता, वेग माणूस चालतो तेवढा. ग्रुपवर लगेच निदान झालं की नजर लागली, पुढच्या वेळी लिंबू-मिरची बांध. मी लिहिलं, नजर नाही लागली, भूमिती लागली. कोणी अंगठा दिला नाही. म्हणून हा लेख.

आधी नाव. चारचाकी घोडागाडीचा पुढचा आस वळायला हवा म्हणून आस आणि वरची पेटी यांच्यामध्ये एक लोखंडी कडं आडवं बसवायचे. चार चाकं उभी, हे पाचवं आडवं. मुंबईच्या व्हिक्टोरियाला पुढे असाच फिरता आस असायचा, टांग्याला त्याची गरज नाही कारण दोन चाकांची गाडी घोडा वळला की आपोआप वळते. मग १९१४ साली डेट्रॉइटमध्ये ऑगस्ट फ्रूहाउफ नावाच्या लोहाराला एका लाकूड व्यापाऱ्यानं सांगितलं की माझी बोट मोटारीमागून न्यायची सोय कर, आणि त्यानं फोर्ड मॉडेल टीच्या मागे जोडायला असा गाडा बनवला की ज्याला मागे चाकं आहेत पण पुढचं टोक मोटारीवरच टेकतं. त्याला नाव दिलं सेमी-ट्रेलर. पुढे विमानवाल्या ग्लेन कर्टिसनं मोटारीमागे ओढायचं एरोकार नावाचं फिरतं घर काढलं, त्याच्या जोडणीत हवा भरलेलं टायर खरोखरच आडवं ठेवलेलं होतं, धक्के गिळायला. म्हणजे त्या गाडीत तरी पाचवं चाक हे खरंच चाक होतं.

आज फिफ्थ व्हील म्हणजे ट्रेलरच्या नाकाखाली दोन इंच जाडीची पोलादी किंगपिन, आणि ओढणाऱ्या गाडीवर ती पकडणारा जबडा, म्हणजे हिच. न्हावा शेवाच्या रस्त्यावर कंटेनर ओढणारे जे ट्रेलर दिसतात त्यांची जोडणी हीच. अमेरिकेत सुट्टीला जाणारी मंडळी हेच पिकअपच्या हौद्यात बसवतात आणि ट्रेलरचं नाक हौद्याच्या वर चढतं. या हौद्याला तिकडे बेड म्हणतात. लाँग बेड आठ फुटांचा, शॉर्ट बेड साधारण साडेसहाचा, आणि काही गाड्यांना तर साडेपाचच. आता पिकअप लोक रोजच्या वापरालाही घेतात, मागे मुलं बसायला चार दारं हवीत, पार्किंगमध्ये गाडी मावायला हवी, मग आखूड काय होणार तर हौदा. दादाचा साडेसहाचा आहे.

आता मुळात हे जड धूड बेडमध्ये कशाला घ्यायचं, बंपरमागच्या गोळ्याला अडकवून ओढता येत नाही का? येतं की, बरेच जण तसंच ओढतात. पण बैलगाडी भरताना ज्यानं पाहिलीय त्याला हे लगेच कळेल. पोती मागे जास्त झाली की गाडी उलार होते, जू वर उचललं जातं, बैलाच्या गळ्याशी आवळतं. पुढे जास्त झाली की मानेवर ओझं. म्हणून गाडीवान पोती मागेपुढे करत बसतो. ट्रेलरचंही तेच, वजनातला काही भाग पुढच्या टोकावर आलाच पाहिजे, नाहीतर तो उलार होतो आणि रस्त्यावर शेपटीसारखा डुलायला लागतो. गोळ्यावाल्या ट्रेलरमध्ये हा भाग १० ते १५ टक्के ठेवतात, फिफ्थ व्हीलमध्ये १५ ते २५. आणि गोळा मागच्या आसाच्या चार-साडेचार फूट मागे असतो, म्हणजे बाजूनं वारा आला, ट्रेलर डावीकडे सरकला की तो ट्रकची (तिकडे पिकअपलाच ट्रक म्हणतात) शेपूट पकडून डावीकडे ओढतो आणि ट्रकचं नाक उजवीकडे जातं. तरफच ती, शाळेतली. ऊस तोडणीच्या दिवसांत कोल्हापूर-सांगलीकडे ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, त्यातली मागची कशी झुलते ते आठवा. फिफ्थ व्हीलमध्ये मात्र जबडा मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा इंच-दोन इंच पुढे असतो. तरफेचा हातच शून्य! बाजूनं कितीही धक्का आला तरी तो थेट मागच्या टायरांवर जातो, ट्रकचं नाक हलत नाही.

म्हणजे हायवेवर पिन आसावर हवी, यात वाद नाही. भानगड वळताना होते. आणि इथे मला राहवत नाही, तर एक जुनी लग्नपत्रिका घ्या, कात्री घ्या.

१० इंचाला १ सेंटीमीटर असं प्रमाण धरू. ट्रेलर साडेआठ फूट रुंद, म्हणजे १०२ इंच, म्हणजे पत्रिकेचा १०.२ सेंटीमीटर रुंदीचा तुकडा. ट्रक ८ सेंटीमीटर रुंद. ट्रकच्या तुकड्यावर एक आडवी रेघ मारा, ती कॅबची मागची भिंत. तिच्या ४ सेंटीमीटर मागे टाचणी टोचा, कारण शॉर्ट बेडमध्ये कॅबपासून आसापर्यंत साधारण ४० इंच मिळतात. तीच टाचणी ट्रेलरच्या पुढच्या कडेच्या मधोमध घाला आणि ट्रेलर हळूहळू वळवा. कोपरा पुढे येतो, येतो, आणि साधारण ५२ अंशांवर रेघेला टेकतो. दादाची काच इथेच फुटली.

का टेकतो ते बघा. पिनपासून कोपऱ्यापर्यंत ५१ इंच, ट्रेलरची अर्धी रुंदी. ट्रेलर सरळ असताना हे ५१ इंच पूर्ण बाजूला असतात, काटकोनात वळला की पूर्ण पुढे. मधल्या कुठल्याही कोनाला कोपरा पुढे येतो तो ५१ गुणिले त्या कोनाची साइन एवढा. जागा ४० इंच. ४० भागिले ५१ म्हणजे ०.७८, आणि ०.७८ ही साइन जवळपास ५२ अंशांची. संपलं. लाँग बेडमध्ये हेच अंतर सव्वा-दीड फुटानं वाढतं, म्हणजे ५१ च्या पुढे जातं, म्हणून तिथे पूर्ण काटकोनात वळवा, टेकत नाही.

दादाला विकणारा म्हणाला होता की हल्लीच्या ट्रेलरचं नाक आत घेतलेलं असतं, पिन पुढे काढलेली असते, शॉर्ट बेडला साधा हिच चालतो. तो अगदीच खोटं बोलत नव्हता. पिन नाकाच्या एक फूट पुढे काढली तर मी हिशेब केला, ५२ चे ६३ अंश होतात. पुढे जाताना रस्त्यावर एवढी वळणं सहसा लागत नाहीतच. पण रिव्हर्समध्ये ट्रेलर उलट्या दिशेनं जातो, अंगाचा अंदाज चुकतो, आणि ६३ अंश कधी पार झाले ते कळत नाही.

म्हणून प्रश्न असा झाला की धावताना पिन आसावर पाहिजे आणि वळताना एक फूटभर मागे पाहिजे. एकच पिन, दोन जागा. हिच निवडायचा म्हणजे खरं तर याचं उत्तर निवडायचं, बाकी किती टनांचा आणि कुठल्या रंगाचा वगैरे नंतर.

सगळ्यात साधं उत्तर म्हणजे हातानं सरकवायचा स्लायडर. हिच रुळांवर बसवलेला, एक दांडा. उतरायचं, दांडा ओढायचा, परत चढून ट्रेलरचे ब्रेक दाबून ट्रक हळू पुढे घ्यायचा, की हिच मागे सरकून खटकन बसतो. झालं पार्किंग की उलटं करायचं. चांगलं चालतं, फक्त तुमची आठवण चालली पाहिजे. पाऊस पडतोय, अंधार झालाय, मागे तिघं थांबलेत आणि बायको बाहेर टॉर्च घेऊन उभी आहे, अशा वेळी दांडा आठवत नाही हो.

दुसरं उत्तर माझं लाडकं. आपोआप सरकणारा हिच, पुलराइट कंपनीचा सुपरग्लाइड त्यातला प्रसिद्ध. साध्या हिचमध्ये किंगपिन जबड्याच्या आत गोल फिरते, जबडा जागच्या जागी. इथे काय करतात तर ट्रेलरच्या पिनभोवतीच्या पेटीला एक जाड पट्टी बोल्टनं आवळतात, ती हिचच्या डोक्यात घट्ट बसते, म्हणजे आता पिन डोक्यात फिरूच शकत नाही, ट्रेलर वळला की आख्खं डोकंच वळतं. आणि डोक्याखाली आहे कॅम. शिलाई मशीनमध्ये चाक गोल फिरतं आणि सुई वरखाली जाते ना, तीच जात, गोल हालचालीतून सरळ हालचाल काढायची. डोकं जसं वळेल तसं कॅम त्याला मागे ढकलतो, सरळ झालं की पुन्हा पुढे आणतो. मोटर नाही, सेन्सर नाही, बॅटरी नाही. वळायला लागणारी ताकद ट्रेलरच देतो.

आता त्या कॅमचा आकार काय असावा यावर मी एक रविवार घालवलाय. किती मागे सरकायला हवं तर ५१ साइन वजा ४०. ५२ अंशांपर्यंत शून्य, काहीच नको. ६० ला ४.२ इंच, ७५ ला ९.३, आणि ९० ला ११. म्हणजे बघा, ५२ ते ७५ या तेवीस अंशांत धावत सुटावं लागतं आणि शेवटच्या पंधरा अंशांत पावणेदोनच इंच, कारण साइन वर जाऊन सपाट होते. चतुर माणूस ५२ ची वाट बघणार नाही, आधीच हळूहळू सरकायला लागेल, म्हणजे झटका बसणार नाही आणि चार बोटं जागा कायम हाताशी राहील, पण फार आधी नको, कारण हायवेवर लेन बदलताना दोन-चार अंश होतात तेव्हा पिन आसावरून हलली तर सगळं मुसळ केरात. म्हणजे सुरुवात जवळजवळ सपाट, मध्ये चढ, शेवटी परत सपाट. ज्यांना इथे कंटाळा आला त्यांनी पुढचा परिच्छेद धरावा, मला मात्र हे वळण कागदावर काढताना चहा गार झाल्याचं कळलं नाही.

तिसरं उत्तर ट्रकमध्ये नाही, ट्रेलरमध्ये आहे. रीस कंपनीचं साइडवाइंडर नावाचं एक प्रकरण येतं, त्यात पिनची पेटीच बदलतात. पिन जबड्यात पाचर मारून फिरायची बंद करतात आणि ट्रेलर वळतो तो २२ इंच मागे असलेल्या बुरुजावर, म्हणजे फिरत्या जोडावर. गंमत म्हणजे वजन तरीही जबड्यावर, आसावरच पडतं, कारण खाली-वर झुलायचं बिजागर तिथेच आहे. वजन एकीकडे आणि वळण दुसरीकडे. बाजूचा धक्का मात्र बुरुजावर येतो, म्हणजे २२ इंचांची तरफ परत पदरात घेतली, पण गोळ्याच्या चार फुटांपेक्षा बरी. साडेपाच फुटांचा बेड असेल तर हा मार्ग किंवा आपोआप सरकणारा, हातानं सरकवायच्या भानगडीत मी तरी पडणार नाही.

कोणी विचारेल की मग पिन कायमची एक फूट मागेच का नाही ठेवायची, कटकट संपली. दादाचा ट्रेलर पाच टनांचा, पिनवर एक टन धरू. आसाच्या ३० सेंटीमीटर मागे १००० किलो, ट्रकच्या दोन आसांत साधारण ४ मीटर. पुढची चाकं ७५ किलोनं हलकी होतात. हेच टायर गाडी वळवतात आणि ब्रेकचा मोठा भार घेतात. पार्किंगमध्ये काही फरक पडत नाही, पण ताशी १०० च्या वेगानं पावसात मला ते ७५ किलो पुढे हवेत. शिवाय ट्रक उलार करून चालवणं हे गाडीवानालाही पटलं नसतं.

आणि एक राहिलं, ते रंगीत स्टिकर. तिकडे ट्रेलरवर चक्क लिहिलेलं असतं, "हाफ-टन टोएबल", म्हणजे छोट्या पिकअपलाही झेपेल. ही अमेरिकेची लिंबू-मिरची, बांधली की निर्धास्त. जाहिरातीत नुसता टॉर्क, म्हणजे इंजिनाची पीळ देण्याची ताकद, २०१९ मध्ये रॅम या पिकअप कंपनीनं १००० पौंड-फुटांचं डिझेल इंजिन काढलं तेव्हापासून तर विचारूच नका. पण टॉर्क ओढतो, वजन पाठीवर पेलत नाही. हाफ-टन पिकअपची पाठ साधारण ७०० ते ९०० किलो पेलते, त्यात माणसं, कुत्रा, कूलर आणि खुद्द हिच. सरकणारे काही हिच शंभर किलोच्या वर जातात. अँडरसन कंपनीचा ॲल्युमिनियमचा जेमतेम सोळा किलोंचा आहे, पण तो सरकत नाही. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या छोट्या स्टिकरवर असतो, माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर नको म्हणून, आणि तो त्या विशिष्ट गाडीचा असतो. शोरूममध्ये तो कोणी दाखवत नाही, आपणच दार उघडून बघायचं.

दादाची पिकअप थ्री-क्वार्टर-टन, म्हणजे हाफ-टनपेक्षा दणकट, ट्रेलरचं ओझं तिच्या आकड्यात बसलं, काठावर. त्याला आपोआप सरकणारा घ्यायला लावायला मी जंग जंग पछाडलं, पण ती जाड पट्टी त्याच्या ट्रेलरच्या पेटीला बसेना आणि पेटी बदलायचे पैसे वेगळे, म्हणून शेवटी हातानं सरकवायचा घेतला. गेल्या आठवड्यात ग्रुपवर फोटो आला, नवी काच, आणि तिच्यावर आतून मार्करनं मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं, "दांडा". मावशीनं विचारलं, हे काय रे?