ओसायरिस

प्राचीन इजिप्तमधील मृतांचा अधिपती व पुनरुज्जीवनाचा देव. आयसिसचा पती, होरसचा पिता. ममीप्रमाणे गुंडाळलेले शरीर, हिरवा किंवा काळा चेहरा, दोन्ही बाजूंना पिसे लावलेला ‘अतेफ’ मुकुट आणि हातांत आकडी व चाबूक, असे त्याचे रूप असते.

त्याच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पाचव्या राजवंशाच्या उत्तरार्धापूर्वी त्याचा निःसंदिग्ध उल्लेख मिळत नाही. सक्कारा येथील उनास राजाच्या पिरॅमिडमधील मंत्रांत (सु. इ. स. पू. २३५०) मात्र तो पूर्ण सामर्थ्यानिशी अवतरतो आणि मृत राजालाच ‘ओसायरिस उनास’ असे संबोधले जाते. काहींच्या मते तो मुळात नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील बुसिरिसचा. तेथील अंजेती या देवाकडून आकडी व चाबूक त्याच्याकडे आले असावेत. ‘द गोल्डन बाऊ’ या ग्रंथाचा कर्ता, मानवशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर याने त्याला मरून पुन्हा उगवणाऱ्या धान्याचा देव मानले. हे मत दीर्घकाळ प्रभावी राहिले, पण सर्वांत जुन्या मंत्रांचा भर राजत्वावर आणि मृताला उठवण्यावर आहे. धान्याशी असलेले नाते मध्य राज्यापासून (इजिप्तच्या इतिहासातील एक कालखंड, सु. इ. स. पू. २०५०–१६५०) अधिक ठळक होते. त्यामुळे मृत राजाशी असलेला संबंध आधीचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

दक्षिण इजिप्तमधील ॲबिडॉस हे त्याचे प्रमुख क्षेत्र. तेथील खेंतिआमेंतिउ हा जुना देव कालांतराने त्याच्यात विलीन झाला. पहिल्या राजवंशातील जेर राजाची कबर (सु. इ. स. पू. ३०००) मध्य राज्याच्या काळी ओसायरिसचीच समाधी मानली जाऊ लागली. भाविकांनी शतकानुशतके वाहिलेल्या मातीच्या भांड्यांचे तेथे ढीग साचले. एमिल आमेलिनो या फ्रेंच संशोधकाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कबरीत दगडी शय्येवर पहुडलेली ओसायरिसची मूर्ती सापडली. पहिल्या राजवंशातील राजाच्या कबरीत ती बरीच नंतर ठेवलेली आहे. मध्य राज्यातील तिसरा सेनुस्रेत या राजाचा अधिकारी इखेरनोफ्रेत याच्या शिलालेखात येथील यात्रेचे वर्णन आहे: देवाची नाव, शत्रूंशी लुटुपुटीची लढाई, समाधीपर्यंत मिरवणूक. खुद्द मृत्यूचा प्रसंग मात्र लेखात आडवळणानेच येतो.

ही गूढता इजिप्तच्या बहुतेक साधनांत आहे. त्याचा भाऊ सेत याने त्याला नेदित या ठिकाणी पाडले, एवढेच जुने मंत्र सांगतात. पेटीत कोंडणे, देहाचे चौदा तुकडे होणे या तपशिलांसह सलग कथा प्रथम प्लूटार्क या ग्रीक लेखकाकडे मिळते. ती ग्रीक वाचकांसाठी लिहिलेली असल्याने जपून वापरावी लागते.

इजिप्शियन पंचांगातील खोइआक महिन्यातील उत्सवात ओसायरिसच्या आकाराच्या साच्यात माती व धान्य घालून पाणी देत. तुतानखामेनच्या कबरीतही अशी लाकडी चौकट मिळाली. तिच्यात नाईलचा गाळ भरून बार्ली पेरली होती व ती अंकुरलेली होती.

फिलाय बेटावरील आयसिसचे मंदिर सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने बंद झाले. त्याबरोबर तेथील ओसायरिसची उपासनाही थांबली.