ठासणीची बंदूक: बार भरण्याच्या क्रमामागचा इतिहास

ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायची रायफल भरायला शिकवताना क्रम ठरलेला असतो. आधी नळी रिकामी असल्याची खात्री, मग मोजून दारू, त्यावर गोळी, ती दारूला टेकेपर्यंत ठासायची आणि सगळ्यात शेवटी केप, म्हणजे घोड्याच्या आघाताने पेटणारी छोटी टोपी चढवायची. यातलं ‘केप शेवटी’ हे तुलनेने अलीकडचं. त्याआधी कित्येक पिढ्या माणसं पेटती किंवा पेटायला तयार असलेली बंदूक हातात धरूनच बार भरत होती.

तोडेदार बंदुकीत धोका उघड होता, कारण बार पेटवणारी धुमसती दोरी, म्हणजे तोडा, शिपायाच्या हातातच असे. याकोब दे गाइन या डच चित्रकाराची १६०७ मधली कवायतीची चित्रं पाहिली, तर बंदूक भरण्याच्या चाळीसहून अधिक अवस्था दिसतात. दारूला हात लावण्यापूर्वी तोडा बंदुकीच्या घोड्यातून (तोडा पकडणाऱ्या खटक्यातून) काढून डाव्या हाताच्या बोटांत दूर धरायचा, हे त्यात स्पष्ट दाखवलं आहे. छातीवरच्या पट्ट्याला लाकडी नळकांडी टांगलेली असत आणि प्रत्येकात एकाच बाराची दारू. एमएलएआयसी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ठासणी-नेमबाजी स्पर्धांत आजही हाच नियम आहे: मोजलेली दारू सुट्या नळकांड्यांतून ओतायची, मोठा डबा किंवा शिंग नळीच्या तोंडाशी न्यायचं नाही. मागच्या बाराची ठिणगी आत धुमसत राहिली असेल, तर नळकांड्यातली चार-पाच ग्रॅम दारू भडकते आणि हात भाजतो. तीच ठिणगी शिंगातल्या पाव किलोला लागली, तर हात उरत नाही.

चकमकीच्या बंदुकीने हातातला तोडा घालवला, पण लष्करी कवायतीत आजच्या उलटाच क्रम राहिला. ब्रिटिश पायदळाच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीचं कागदी काडतूस दातांनी फाडून आधी नळीच्या छिद्राशी, म्हणजे कानाशी असलेल्या वाटीत रंजक (बार पेटवणारी चिमूटभर दारू) घालायची, झाकण लावायचं, मग उरलेली दारू नळीत ओतून गोळी ठासायची. म्हणजे ठासणीवर हात असताना रंजक तयार, आणि भरवसा फक्त घोडा अर्ध्यावर अडवून धरणाऱ्या खाचेवर. ती खाच झिजली की काय होणार, हे सांगायला नको. हे चालवून घेतलं ते वेगासाठी. सुमारे १९ मिलिमीटरच्या नळीत साडेसतरा मिलिमीटरची गोळी सैल उतरत असल्याने मिनिटाला तीन बार निघत. मात्र नळी खाली झुकली, तर तीच सैल गोळी दारूपासून पुढे सरकू शके.

रायफलीला असं सैल चालत नाही. गोळी नळीच्या आतल्या आट्यांत (पिळदार खाचांत) घट्ट बसावी लागते, म्हणून तेलकट कापडात गुंडाळून ती ठोकावी लागे. १८०० सालच्या बेकर रायफलीबरोबर सुरुवातीला चक्क लाकडी हातोडे दिले गेले होते.

स्कॉटलंडचे पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ यांनी १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचं पेटंट घेतलं, आणि पुढे त्यातून तांब्याची केप आली. आता ठासणं पुरं होईपर्यंत आगीचं साधन बंदुकीला लावायचीच गरज उरली नाही.

१८५३ च्या एनफील्ड या ब्रिटिश रायफलीची कवायत याच क्रमाची. काडतुसात अडीच ड्रॅम, म्हणजे साधारण ४.४ ग्रॅम दारू आणि ३४ ग्रॅमची लांबट गोळी असे. टोक फाडून दारू ओतायची, काडतूस उलटं करून गोळीकडची वंगण लावलेली बाजू नळीत घालायची, वरचा कागद तोडून टाकायचा, ठासायचं, मग केप. वंगणामुळे काजळी मऊ राहते आणि पुढची गोळी उतरते. त्यातल्या चरबीच्या संशयाने १८५७ मध्ये काय घडलं, ते सर्वांना ठाऊक आहे. २४ एप्रिलला मेरठमध्ये ‘दातांनी नको, बोटांनी फाडा’ अशी सुधारित कवायत दाखवूनही ९० पैकी ८५ शिपायांनी काडतुसं नाकारली. त्याच धामधुमीत, उन्हाळ्यात काजळी कडक होऊन गोळ्या नळीत अडकण्याच्या तक्रारी आल्या, आणि १४.४ मिलिमीटरची गोळी पुढे सुमारे १४ मिलिमीटरची करण्यात आली.

केप शेवटी चढवण्यातही एका चुकीला वाव होता. अमेरिकी यादवी युद्धातल्या १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून २७ हजारांवर बंदुका गोळा झाल्या, त्यातल्या सुमारे २४ हजार भरलेल्या होत्या. निम्म्यांत दोन-दोन बार होते आणि एकीत तर तब्बल २३. गदारोळात केप चढवायची राहते किंवा फुसकी जाते, आपला बार निघालाच नाही हे कळत नाही, आणि शिपाई त्यावरच पुढचा बार ठासतो.

आज यावर उपाय म्हणजे ठासणीच्या गजावरच्या दोन खुणा: एक रिकाम्या नळीची, दुसरी भरलेल्या बाराची. भरण्यापूर्वी गज आत सोडून पहिली खूण तोंडाशी जुळवायची. मग नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धरून नुसती केप उडवायची. पातं हललं तर वाट मोकळी आहे. ठासल्यावर दुसरी खूण नळीच्या तोंडाशी आली नाही, तर गोळी अधांतरी आहे. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली, तर तिथेच नळी फुगते किंवा फुटते. गज तोंडापासून वीतभर वर धरून छोट्या-छोट्या रेट्यांनी ढकलावा. लांबून जोर लावला, तर लाकडी गज मोडून त्याचं टोक हातात घुसतं. बार फुसका गेला, तर नळी निशाणाकडे धरून निदान मिनिटभर थांबायचं, मगच केप बदलायची. दारू मात्र काळीच हवी. बिनधुराची दारू त्याच मापाने भरली, तर दाब इतका चढतो की नळीच्या चिरफळ्या उडतात, आणि त्या भरणाऱ्याच्या तोंडाशी असतात.